नऊ इंच

जीपचं दार उघडलं आणि आतून जो वास आला त्यानं मी दोन पावलं मागं सरले. पंचवीस वर्षं मी गाड्यांच्या सीटा शिवते आहे. लोक सीटांवर काय काय सांडतात आणि वर फडकं टाकून कसे विसरून जातात, हे मला कुणी सांगायला नको. नासलेलं दूध, पोरांची ओकारी, मासळीच्या टोपलीचं पाणी, एकदा तर शिवणीत अडकून वाळलेली पाल. माझं नाक केव्हाच मेलंय असं मी गिऱ्हाइकांना सांगत असते. कोंबडीवाल्याच्या शेडमध्ये ते पुन्हा जिवंत झालं.

ही जीप त्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कोंबडीवाला ते लपवतही नव्हता. उलट कौतुकानं सांगत होता, की पुढच्या सीटवर बसणाऱ्या कोंबड्या जास्त अंडी द्यायच्या. आणि आमचे दाजी त्यावर मान डोलावत होते, जणू एखाद्या घराण्याचा इतिहास ऐकतायत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दुकानदारांचे तराजू, पंपांवरचे लिटर, कापडवाल्यांचे मीटर, जे दिसेल ते मोजायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा आणि पुढं जायचं. शिक्का मारलेलं माप पुन्हा मोजायचं नसतं, असं ते अजूनही सांगतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण घरात दुधाची पिशवी आली तरी ती आधी तराजूवर जाते. माणूस वाईट नाही. पण माझ्या डोक्यात जातो.

त्याला कारण आहे, आणि ते आधीच सांगून टाकते. सात महिन्यांपूर्वी ताई स्टुलावरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. पडद्याचा दांडा एका बाजूनं निसटला होता. तीन आठवडे ती दाजींना तो बसवून द्या म्हणत होती आणि तीन आठवडे दाजी उद्या करतो म्हणत होते. दांडा वाकडा आहे, आधी त्याचं माप घ्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ताईच स्टुलावर चढली. दवाखान्यात सगळ्यांनी दाजींचं सांत्वन केलं. मी केलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नव्हतं आणि करायचा विचारही नव्हता.

ऑपरेशननंतर ताई घरात अडकली. मोटारीच्या खोलगट सीटवर बसायची डॉक्टरांनी बंदी घातली, कारण गुडघे वर आले की नवा सांधा निसटू शकतो. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यातले व्यायाम सुरू केले तर पाय सुटेल, पण ते आता व्हायला हवेत. आणखी महिनाभर गेला तर पाय असाच राहील. असे व्यायाम करून घेणारा पोहण्याचा तलाव बारा किलोमीटरवर. रुग्णवाहिका बोलवू म्हटलं तर ताई उसळली. ती स्वतः नर्स. तीस वर्षं तिनं लोकांना उचलून रुग्णवाहिकेत घातलेलं. मला उचलून नेलेलं चालणार नाही, तिनं बजावलं. जिथं माझी मी चढेन, तिथंच बसेन. स्टूल ठेवून चढवू म्हटलं तर स्टुलाच्या नावानंच तिचे ओठ पांढरे पडले.

आणि मग दाजींना जीपची आठवण झाली. ताई नोकरीत असताना लस टोचायला डोंगरातल्या वाड्यांवर अशाच जीपमधून हिंडायची. गोल दिवे, कापडी टप, ताठ पाठीची उंच सीट. त्या सीटवर बसून आपली पाठ कधी दुखली नाही, असं ती कधीतरी बोलून गेली होती. दाजींनी तेवढंच धरलं आणि तसलीच जीप शोधून काढली, चारशे किलोमीटरवर, कोंबड्यांच्या शेडमध्ये.

डोकं लढवलं होतं हे मी कबूल करते. सीट उंच असल्यानं सांध्याला धोका नाही. प्रश्न फक्त चढण्याचा. ताईचा पाय उचलून नऊ इंच वर जातो, त्याच्या वर एक दोरा नाही. दाजी पंधरा दिवसांपूर्वी एकटेच जाऊन गाडी बघून आले, तेव्हा माझ्या दुकानातली टेप घेऊन गेले होते. जमिनीपासून दाराखालच्या लोखंडी पायरीपर्यंत त्यांनी मोजलं. बरोबर नऊ. तिथंच चिठ्ठीवर लिहिलं, खाली तारीख घातली, सही केली आणि चिठ्ठी पाकिटात ठेवली. परत आल्यावर ती चिठ्ठी त्यांनी मला दोनदा दाखवली.

गाडी आणायला जाताना मला बरोबर नेलं ते सीटा बघायला. आणि गाडी आळीपाळीनं चालवायला.

मी नाकाला रुमाल बांधला आणि चढायला पाय उचलला, तर पाय पायरीला पोचेना. मी काही ठेंगणी नाही. हाताचा आधार घेऊन, मांडी ताणून कशीबशी वर गेले. दाजी सहा फुटांचे, ते पलीकडून एका ढांगेत आत बसलेसुद्धा. मी पुन्हा खाली उतरले, पिशवीतून टेप काढली आणि पायरीला लावली. एकोणीस इंच.

आधी मला वाटलं टेप मुडपली. पुन्हा लावली. एकोणीसच.

मग मी शेडमधली ती जागा बघितली जिथं जीप उभी असायची. चार खड्डे. अकरा वर्षांत चाकं कोंबड्यांच्या घाणीत आणि मातीत रुतून बसली होती आणि टायरमध्ये हवेचा पत्ता नव्हता. दाजींनी जे मोजलं ते रुतलेल्या गाडीचं माप. त्यानंतर कोंबडीवाल्यानं गाडी ओढून बाहेर काढली, इंजिन नीट केलं, मोठ्ठे नवे टायर घातले आणि वर स्वतःच्या हौसेनं गाडी खालून उंचही करून दिली. भेट म्हणून. जुने टायर त्यानं जीपमध्येच मागच्या बाजूला टाकून दिले होते, त्यांचा वास वेगळा.

आम्ही सीट शिवणारे माणूस बसवल्याशिवाय कधी माप घेत नाही. रिकामी सीट खोटं सांगते. हे मी दाजींना शंभर वेळा सांगितलं असेल.

"दाजी, गाडी बरीच उंच झालीय का हो?" मी विचारलं.

"झालीच," दाजी म्हणाले. "प्रेमानं करून दिली त्यांनी. रुबाब बघ की."

"पायरी किती आहे आता?"

त्यांनी पाकीट काढलं, पाकिटातून चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढं धरली. "नऊ. सही आहे माझी."

मला तेव्हा जे झालं ते रागापेक्षा वाईट होतं. मला त्या माणसाची किळस आली. त्या चिठ्ठीची, त्या सहीची, खिशातल्या त्या तीन पेनांची. मी टेप गुंडाळली, पिशवीत टाकली आणि मूग गिळून गप्प बसले. म्हटलं, जाऊ दे. आपल्या डोळ्यांनी बघू दे एकदाचं.

निघताना कोंबडीवाल्यानं वाटेसाठी दोन डझन उकडलेली अंडी बांधून दिली.

कोंबड्यांच्या जीपमध्ये बसून अंडी खाणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. मी बघितला. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातानं अंडं दाराच्या काठावर आपटायचं, अंगठ्यानं सोलायचं, टरफल माझ्याकडं द्यायचं आणि अख्खं अंडं तोंडात टाकायचं. मग तोंड भरलेलं असतानाच बोलायचं. पिवळा भुगा मिशीत अडकलेला. माझ्या मांडीवरच्या कागदात टरफलं साठत गेली. सीटच्या भेगांतून पिसं वर येत होती आणि वाऱ्यानं गोल फिरत होती. एक माझ्या ओठाला चिकटलं. ते काढलं तर बोटाला काहीतरी ओलं लागलं, आणि ते काय असेल याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

जिथं जिथं थांबलो तिथं लोक गोळा झाले. जुनी गाडी म्हटलं की लोकांना काय होतं कोण जाणे. एरवी शेजाऱ्याच्या आजारी आईची चौकशी न करणारी माणसं बॉनेटवर हात फिरवून हळवी होतात. पेट्रोलपंपावरच्या एका जोडप्यानं जीपला टेकून फोटो काढले आणि नंतर कपडे हुंगत गेले. त्याचं मला बरं वाटलं. दाजी प्रत्येकाला तेच सांगत होते. बायकोसाठी घेतली. पंपावरच्या माणसाला, नाक्यावरच्या पावतीवाल्याला, शेळ्या भरून नेणाऱ्या एका टेंपोवाल्याला. बायकोसाठी घेतली, तिचा पाय नऊ इंच उचलतो, पायरी नऊ इंच आहे. टेंपोवाल्यानं पायरीकडं बघितलं, दाजींकडं बघितलं, आणि काही न बोलता शेळ्या घेऊन गेला. त्या माणसाला कळलं. शेळ्यांनाही कळलं असेल.

अकराच्या सुमाराला ऊन चढलं आणि माझ्या सीटच्या आत काहीतरी फुटलं. आवाज बारीकच झाला. मग खालून वर, पाठीमागून, बाजूनं, सगळीकडून एकदम तो वास आला. स्प्रिंगांच्या जाळीत अडकून राहिलेलं, किती वर्षांचं देवच जाणे असं अंडं होतं ते. गाडी थांबेपर्यंतही मला धीर धरवला नाही. दार उघडून मी बाहेर वाकले आणि सकाळचा सगळा चहा रस्त्याला दिला.

दाजी उतरले. बाह्या वर करून त्यांनी सीटखाली हात घातला आणि ते हिरवट काळं जे काही होतं ते स्वतःच्या रुमालानं पुसून काढलं. न बोलता, तोंड वाकडं न करता. नंतर तो रुमाल त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. हे बघून मला पुन्हा उमळून आलं.

तिथून पुढं गाडी रडायला लागली. चढ आला की इंजिन धापा टाकायचं, दोन आचके द्यायचं आणि बंद पडायचं. असं तीनदा झाल्यावर चढाच्या पायथ्याशी एक गॅरेज दिसलं. पत्र्याची शेड, पुढं ऑइल सांडून काळी झालेली जमीन, आणि एक फिटर. पन्नाशीचा, वाळका, बोलण्यात काटकसर करणारा. त्यानं बॉनेट उघडलं, नाक आक्रसलं आणि टाकीतला गाळ येतोय म्हणाला. अर्ध्या तासाचं काम.

दाजी म्हणाले, तेवढ्यात मी समोरून साबण आणि पाणी आणतो, सीट धुऊन काढू, हिला त्रास होतोय. आणि रस्ता ओलांडून गेले.

फिटर गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते पायच दिसत होते. मग बाहेर येऊन त्यानं हात पुसत विचारलं, की ही गाडी एवढी उंच कुणी केली. स्प्रिंगांच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातलेत, त्यात हे टायर. वळणावर हेलकावे खाईल.

"पुढं कोण बसणार?" त्यानं विचारलं.

"माझी बहीण. तिला पाय फार उचलता येत नाही."

"किती?"

"नऊ इंच."

त्यानं पायरीकडं बघितलं. टेप लावायचीसुद्धा गरज त्याला वाटली नाही. "ठोकळे काढतो," तो म्हणाला. "जुने टायर मागं पडलेत, हवा भरली तर धरतील, तेच चढवतो. पाच-सहा इंच खाली येईल. आणि आत्ताच्या पायरीखाली दुसरी एक पायरी वेल्डिंग करून देतो, पक्की. वर धरायला दांडा. बाई आरामात चढतील. अडीच तास द्या मला."

मी रस्त्यापलीकडं बघितलं. दाजी दुकानात साबणाच्या वड्या हातात घेऊन त्यांचं वजन बघत होते, कुठली भरेल याचा अंदाज घेत. त्यांच्या खिशातून त्या रुमालाचं टोक बाहेर आलं होतं.

"नको," मी फिटरला म्हणाले. "उशीर होतोय. तुम्ही फक्त गाळ काढा."

"बघा बुवा," तो म्हणाला आणि पुन्हा गाडीत वाकला.

उशीर होत नव्हता. दुपारचा एक वाजला होता, साडेतीनला निघालो असतो तरी दिवेलागणीला घरी पोचलो असतो. त्या वासात आणखी अडीच तास काढायचं जिवावर आलं होतं, हे खरं आहे. पण ते पुरतं खरं नाही. मला दाजींचं तोंड बघायचं होतं. घरासमोर गाडी उभी राहणार, ती चिठ्ठी बाहेर निघणार, आणि या माणसाला जन्मात एकदा कळणार की आपलं माप चुकलं. सात महिने मी त्या क्षणाची वाट बघत होते, आणि एक फिटर तो अडीच तासांत पुसून टाकायला निघाला होता.

दाजी साबण, पाणी आणि माझ्यासाठी लिंबाचं सरबत घेऊन आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी सीट घासली. मी सरबत प्यायले. फिटरनं त्यांना काही सांगितलं नाही, त्याचं काय अडलं होतं. त्यानं फक्त माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत निघून गेला.

पुढं गाडी मी चालवायला घेतली. आणि एक गोष्ट मला मुळीच आवडली नाही, ती म्हणजे गाडी चांगली होती. गाळ निघाल्यावर इंजिन एका लयीत चालायला लागलं. घाटातला चढ तिनं दुसऱ्या गिअरमध्ये तक्रार न करता घेतला. उंच बसल्यामुळं रस्ता लांबवर दिसत होता, पाठ ताठ राहत होती. ताई इथं बसली असती तर तिला बरं वाटलं असतं, असं मनात आलं, आणि ते मी झटकून टाकलं.

दाजी शेजारी तोंड उघडं टाकून झोपले होते. मिशीत अजून पिवळा कण. तासाभरानं एका खड्ड्यानं ते जागे झाले आणि त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग घरी फोन केला. चारला पोचतो म्हणून सांगितलं.

फोन ठेवून म्हणाले, "तुला एक सांगितलं नाही. तुझी ताई सांगू नको म्हणाली होती."



"मी घरातल्या बोळात एक लाकडी चौथरा करून घेतलाय. नऊ इंचांचा. भिंतीला पक्का ठोकलाय, वर धरायला दांडा. पंधरा दिवस झाले, सकाळी दहा वेळा आणि संध्याकाळी दहा वेळा चढते त्याच्यावर. पहिल्या दिवशी रडली. पाय अर्ध्यातच थांबायचा. परवापासून न थांबता चढतेय. सोमवारी तलावावर जायचं म्हणून पांढरे बूट आणलेत तिनं, रबरी तळाचे. तुला एकदम चढून दाखवायचंय म्हणाली."

रस्ता सरळ होता. मला आठवतं की मी गाडीचा वेग कमी केला. गॅरेज सत्तर किलोमीटर मागं राहिलं होतं. अजूनही वळता आलं असतं. दाजी, थांबा, मला काहीतरी सांगायचंय, एवढंच म्हणायचं होतं. पण मग सकाळपासून का नाही सांगितलं, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर तोंडातून काढायचं म्हणजे त्या अंड्यापेक्षा घाण होतं. मी पुन्हा वेग वाढवला. कुणीतरी काहीतरी करेल, असं स्वतःला सांगितलं. स्टूल तर स्टूल. दोघांनी धरलं तर चढेलही. असलं काहीबाही.

चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही गल्लीत शिरलो. ताई फाटकाबाहेर उभी होती. वॉकर पुढं, केस नीट विंचरलेले, अंगावर निळा झगा, पायात पांढरे बूट. शेजारची शिक्षिका आणि तिची सासू हौसेनं उभ्या होत्या. मी गाडी ताईच्या अगदी शेजारी, पायरी तिच्यासमोर येईल अशी उभी केली. सवयीनं. गिऱ्हाइकाची गाडी मी तशीच उभी करते.

वास तिच्यापर्यंत पोचला असणार, पण तिनं नाक मुरडलं नाही. बॉनेटकडं बघून ती हसली. अशीच होती आपली, म्हणाली. मग वॉकर बाजूला सारून तिनं दाराचा दांडा धरला आणि पाय उचलला.

पाय बरोबर नऊ इंच वर गेला. मला ते टेपशिवाय कळलं. बुटाचं टोक पायरीच्या पुष्कळ खाली, नुसत्या पत्र्यावर आपटलं. तिनं पाय खाली घेतला. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. थोडी सरकून उभी राहिली, श्वास घेतला आणि पुन्हा उचलला. पुन्हा पत्रा. तिसऱ्या वेळी तिनं दांडा दोन्ही हातांनी धरून पाय उचलला. पांढऱ्या बुटाच्या टोकाला काळा ओरखडा उठला होता. शेजारची सासू म्हणाली, अगं सावकाश. कुणीतरी स्टूल आणा असंही म्हणाली, आणि शिक्षिकेनं तिला गप्प केलं. दाजी धावत येऊन ताईला उचलायला वाकले.

"हात लावू नका," ताई म्हणाली.

ते थांबले.

"किती आहे हे?"

दाजींनी पाकीट काढलं. चिठ्ठी काढली. "नऊ," ते म्हणाले, पण वाचता वाचताच त्यांचा आवाज खाली गेला.

ताईनं माझ्याकडं बघितलं. "टेप आहे ना तुझ्याकडं? मोज."

मी वाकले. टेप लावली. एकोणीस, मी सांगितलं. दाजींनी माझ्या हातातून टेप घेतली, खाली बसून स्वतः मोजलं, आणि पुन्हा मोजलं. मग त्यांनी मोठ्या टायरवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

"रुतलेली होती," ते म्हणाले. "रुतलेली असताना मोजली मी."

ज्या क्षणाची मी सात महिने वाट बघितली तो हाच होता. आणि त्या तोंडावर बघण्यासारखं काही नव्हतं. ना शरम, ना गर्वाचं घर खाली आल्याची खूण, ज्याची मी मनात चित्रं काढत होते. दाजी फक्त ताईच्या बुटाकडं बघत होते. त्यावरचा ओरखडा ते अंगठ्यानं पुसायला लागले आणि तो पुसला जाईना.

"वाटेत एक फिटर भेटला होता," ते खालूनच म्हणाले. "त्याला विचारायला हवं होतं. खाली करून दिली असती त्यानं. मला सुचलंच नाही."

"तुला पण नाही सुचलं?" ताईनं मला विचारलं. "तू तर नजरेनं माप सांगतेस."

मी तोंड उघडायच्या आत दाजीच म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. सकाळपासून वासानं बेजार आहे ती. तिच्या सीटखाली अंडं फुटलं, रस्त्यात उलटी झाली. तिचं कशात लक्ष असणार?"

त्यावर सगळं मिटलं असतं. मी नुसती मान खाली घातली असती तरी पुरलं असतं.

"मला सकाळीच कळलं होतं," मी म्हणाले. "मी निघायच्या आधी मोजलं होतं. आणि तो फिटर स्वतःहून म्हणाला होता, अडीच तासांत करून देतो. पक्की पायरी लावून. मी नको म्हणाले."

दाजींनी वर बघितलं नाही. त्यांचा अंगठा मात्र थांबला.

"का?" ताईनं विचारलं.

"दाजींचं तोंड बघायचं होतं मला."

शेजारची शिक्षिका सासूला हाताला धरून घरात घेऊन गेली.  ताईचा दांड्यावरचा हात अजून सुटला नव्हता.

"बघितलंस?" ती म्हणाली. "आता माझं बघ."

मला बघता आलं नाही. मी तिच्या बुटांकडं बघत राहिले. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आहे. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं, माझ्या दुकानातलं पहिलं शिवणयंत्र तिनं आणून दिलं, आणि तिनं मला आजवर कधी मारलेलं नाही. तेव्हा मारलं असतं तर मी तिची ऋणी राहिले असते.

तिनं दांडा सोडला आणि वॉकर पुढं ओढला. "उद्या सकाळी सहाला निघ," ती म्हणाली. "त्या फिटरकडं. एकटीनं जायचं, हे येणार नाहीत. सोमवारी मला चढायचंय."

दाजींनी उठून गाडीची किल्ली माझ्याकडून घ्यायला हात पुढं केला. मी जातो, ती दमलीय, असं काहीतरी ते पुटपुटले. ताईनं नुसतं त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांनी हात मागं घेतला. मग ती आत गेली आणि तिच्यामागं दाजी, तिला स्पर्श न करता, एक हात हवेत तिच्या कमरेपाशी धरून.

मी जीपमध्ये चढून बसले, कारण दुसरीकडं कुठं बसावं ते कळेना. दार ओढून घेतलं. सीट अजून ओली होती. बोळाची खिडकी उघडी होती आणि आतून वॉकरचा आवाज आला, मग लाकडावर पाय टेकल्याचा. ताई संध्याकाळचे दहा घालत होती. प्रत्येक वेळी दाजी हळू आवाजात आकडा म्हणत होते. मी दहापर्यंत ऐकलं. दहाच्या पुढंही लाकडावर पाय टेकत राहिला आणि ते मोजतच राहिले.